समुद्री स्पंजाची हिंगोलीतली पेशी

रत्नागिरीहून निघताना माझ्या पिशवीत कपडे, स्लाइड्सचा डबा आणि काचेची एक बरणी होती. बरणीत एरवी लिंबाचं लोणचं असायचं. या खेपेला तिच्यात स्पिरिटमध्ये बुडवलेला, मुठीएवढा, विटकरी रंगाचा समुद्री स्पंज होता. "हिंगोलीला समुद्र नाही हे त्या लोकांना माहीत आहे ना?" असं नवऱ्याने दारात उभं राहून विचारलं. माहीत असावं, म्हणून तर मला बोलावलंय, असं म्हणून मी रिक्षात बसले.

बोलावलं होतं घुगे सरांनी. ते हिंगोलीच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत. एका चर्चासत्रात चहाच्या रांगेत आमची ओळख झाली, आणि माझं काम काय ते ऐकून त्यांनी रांगेतच आमंत्रण देऊन टाकलं. हिंगोली जिल्हा होऊन चारेक वर्षं झाली होती. नव्या जिल्ह्यात जिल्ह्याच्या तोलामोलाची व्याख्यानं व्हायला हवीत, असं त्यांचं मत होतं.

माझं काम सांगायला सोपं आहे. ओहोटीला खडकांवर जायचं, स्पंज खरवडून आणायचे, त्यांचा अर्क काढायचा आणि महिन्यातले काही दिवस मुंबईच्या एका प्रयोगशाळेत जाऊन तो अर्क कर्करोगाच्या पेशींवर टाकून बघायचा. स्पंज हा प्राणी आहे, पण त्याला डोकं नाही, पाय नाहीत, पळता येत नाही. कुणी खायला आलं तर त्याच्याजवळ एकच उपाय असतो, तो म्हणजे विषारी असणं. ते विष कर्करोगाच्या पेशींना मारतं का, हे मी बघते. बऱ्याचदा मारतं. एका परदेशी स्पंजावरून सुचलेलं औषध रक्ताच्या कर्करोगात वापरतात, हेही खरं. माझ्या स्पंजांपासून मात्र अजून कुणाचं सर्दीपडसंही बरं झालेलं नव्हतं.

मुंबईमार्गे एक रात्र गाडीत काढून पूर्णा जंक्शनला उतरले. इथे मोठी लाईन सोडून छोटी लाईन धरायची. छोट्या लाईनची गाडी हिंगोलीकडे जाते, पण तिला तशी घाई नसते. पौष उजाडला होता. खिडकीबाहेर काळी जमीन, वेचणीला आलेला कापूस आणि कापून पेंढ्या बांधलेली तूर. आमच्याकडे जमीन डोंगरातून डोकं काढून मधूनमधून दिसते. इथे ती नजर पुरेल तिथवर पसरलेली होती आणि मध्ये काहीच येत नव्हतं. मला थोडं उघड्यावर बसल्यासारखं झालं.

वसमतच्या पुढे बरणीचं झाकण सैल झालं. समोरच्या बाकावरचे, पटका बांधलेले गृहस्थ बराच वेळ नाक वर करून बसले होते.

"म्याडम, वास येऊन राहिला," ते म्हणाले.

"स्पिरिट आहे."

"व्हय, तेच म्हणून राहिलो मी." त्यांनी माझ्याकडे नव्याने, जरा आदराने बघितलं. मी बरणी बाहेर काढून झाकण घट्ट केलं. त्यांनी आत निरखून विचारलं, "भेजा हाय का?"

"नाही, प्राणी आहे. समुद्रातला."

"तोंड कुठंय?"

"नसतं. अंगभर भोकं असतात. पाणी आत घेतो, त्यातलं खाण्यासारखं खातो, उरलेलं सोडून देतो."

"अन् दिवसभर काय करतो?"

"काही नाही. एका जागी बसून असतो."

त्यांनी थोडा विचार केला. "असे आमच्याकडं बी हायत," ते म्हणाले, आणि तंबाखू मळू लागले.

हिंगोली स्टेशनावर घुगे सर स्वतः आले होते. बुटके, टापटिपीचे, खिशाला दोन पेनं. त्यांनी आधी माझी पिशवी घेतली आणि मग वर्तमानपत्राचं एक कात्रण हातात ठेवलं. मथळा होता: "शनिवारी हिंगोलीत कर्करोगाच्या पेशी." खाली लिहिलं होतं की समुद्री औषधाविषयी रत्नागिरीच्या मॅडम उपस्थित राहणार आहेत. "मजकूर मीच दिला होता, बातमीदाराने थोडा आखडला," सर म्हणाले. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. आखडलेली बातमी मी जन्मभर बघत आले आहे.

सरांच्या घरी त्यांच्या पत्नीने विचारलं, "सुशीला खाणार का?" माझ्या सासूबाईंचं नाव सुशीला. हो की नाही म्हणावं ते मला पटकन सुचेना. सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांना कांदा, मिरची आणि शेंगदाण्याची फोडणी. मी दोनदा वाढून घेतली, आणि रत्नागिरीला परतल्यावर हे घरी कोणत्या शब्दांत सांगायचं याचा विचार करत सभागृहात गेले.

सभागृह भरलं होतं. पुढे विद्यार्थी, कारण त्यांना हजेरी होती. मागच्या निम्म्या भागात मात्र धोतर-पटक्यातली, लुगड्यातली माणसं होती, पिशव्या घेऊन आलेली. काहींच्या मांडीवर एक्स-रेची मोठी पाकिटं होती. विज्ञानाची एवढी गोडी लोकांना असते हे बघून मला भरून आलं. स्वागत, सत्कार, नारळ, शाल, नमनालाच घडाभर तेल झालं आणि मग मी सुरू केलं. पडद्यावर दोन चित्रं होती. एकात ठणठणीत पेशी, दुसऱ्यात स्पंजाचा अर्क घातल्यावर मेलेल्या. "या पाहा कर्करोगाच्या पेशी," मी म्हणाले.

मागून एक हात वर झाला. साठीचे, उंच, हाडकुळे गृहस्थ उभे राहिले. "म्याडम, पेशी सुरू झाली का? आमचं नाव कवा पुकारणार?"

विद्यार्थी हसले. घुगे सर लाल झाले आणि माझ्या कानाशी आले. पेशी म्हणजे आमच्या पुस्तकातली पेशी, ज्या विटांनी शरीर बांधलेलं असतं ती. पण या भागात त्या शब्दावर निजामाच्या कचेऱ्यांनी आधीच हक्क सांगितलेला होता. इकडे पेशी म्हणजे कोर्टाची तारीख. तारखेला माणूस पेश करावा लागतो. शनिवारी हिंगोलीत कर्करोगाच्या पेशी आहेत असं वाचून लोकांनी आपापले रोगी, कागदांसकट, पेश केले होते.

मी खुलासा केला. काही जण हसले, काही वैतागले, बरेच जण एसटी चुकेल म्हणून उठले. व्याख्यान मी कसंबसं पुरं केलं. खाली उतरले तर ते उंच गृहस्थ दाराशी थांबले होते. नाव मारोतराव, सेनगावकडच्या एका खेड्यातले. शेजारी त्यांची बायको गयाबाई, पदर खांद्यावरून गच्च ओढून घेतलेली.

"हिच्या छातीत गाठ हाय," मारोतराव म्हणाले. "नांदेडच्या दवाखान्यात तपासलं. क्यान्सरच हाय म्हणले. सोमवारी या, काढून टाकू म्हणले. तिथलं बोलावणं सोमवारचं, अन् तुमची पेशी शनवारी आली. म्हणलं, देवानंच वेळ साधली."

"मी काटून घेणार न्हाई," गयाबाई म्हणाली. ती माझ्याकडे न बघता पिशवीतल्या बरणीकडे बघत होती. "ते दवा द्या मला."

मी सांगितलं की हे औषध नाही. काचेच्या बशीत पेशी वाढवतात, त्यावर थेंब टाकतात, त्या मरतात, एवढंच. "बशीत फिनाइल टाकलं तरी त्या मरतात. म्हणून कुणी फिनाइल पीत नाही. माणसाला चालेल असं औषध व्हायला वर्षंच्या वर्षं जातात, आणि बहुतेक वेळा होतच नाही. तुम्ही सोमवारी जा. गाठ लवकर सापडली असेल तर ती काढून बरं होता येतं."

"म्हंजे देयाचं न्हाई," गयाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. नकाराची सवय असलेल्या माणसासारखी ती वळली आणि चालू लागली. मारोतरावांनी मला हात जोडले आणि तिच्या मागे गेले.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला नरसी आणि औंढा दाखवायचं ठरवलं होतं. मी म्हटलं, औंढा राहू द्या, सेनगावकडे जाऊ. मला चैन पडत नव्हतं. मी लोकांना मरणाऱ्या पेशींची रंगीत चित्रं दाखवली होती. त्या चित्रावर विसंबून एक बाई घरी बसली, तर ती चूक बातमीदाराची, असं म्हणून मला झोपता येणार नव्हतं. सर म्हणाले, "मारोतराव माझ्या विद्यार्थ्याचे चुलते आहेत, घर माहीत आहे." इकडे प्रत्येक जण कुणाच्या तरी विद्यार्थ्याचा चुलता असतो.

जीप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि जीप भरली असं जीपवाल्याला कधी वाटत नाही. माझ्या मांडीवर आधी एक गाठोडं आलं, मग त्या गाठोड्याच्या मालकिणीचं लेकरू. नरसीला नामदेवांचं दर्शन घेतलं. बाहेरच्या दुकानात चहा प्यायलो, तो इतका गोड होता की त्यात चमचा उभा राहिला असता. दुकानदाराने विचारलं, "काहून आल्या इकडं?" सरांनी सांगितलं की मॅडम रत्नागिरीहून सेनगावकडे चालल्या आहेत. आम्ही सोयरीक जुळवायला चाललोय असं धरून दुकानदाराने मुलाचं शिक्षण विचारलं.

मारोतरावांच्या अंगणात तुरीच्या पेंढ्यांचा ढीग होता. गयाबाई सुपाने तूर पाखडत होती. आम्हाला बघून ती थांबली नाही, पण "बसा माय" म्हणाली. मारोतरावांनी बाज टाकली. जेवल्याशिवाय बोलायचं नाही असा त्या घरचा रिवाज होता, त्यामुळे आधी ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण आणि लाल मिरचीचा ठेचा झाला. ठेच्याने माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. गयाबाईने गुळाचा खडा पुढे केला, आणि आदल्या दिवसापासून पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं.

मग ती आत गेली आणि कागदाची एक पुडी घेऊन आली. आत पांढरी, खडूसारखी वडी होती. "हे बी समुद्रातलंच हाय. काष्ठौषधीच्या दुकानातून आणलं. महिन्यापासून उगाळून लावून राहिले."

तो समुद्रफेस होता, म्हणजे माकुल नावाच्या समुद्रजीवाच्या पाठीचं हाड. आमच्याकडे तो किनाऱ्यावर पडलेला असतो, पोरं त्याने पाटीवर लिहितात. मी तसं सांगितलं. ती वडी परत पुडीत बांधू लागली, फार सावकाश.

"चार लेकरं पाजली या छातीवर," ती म्हणाली. "ती काटून टाकायची म्हणतेत. सहज म्हणतेत, नखं काढल्यावानी."

सर बाजेचा काथ्या बघत होते. इथंच घोडं पेंड खात होतं, आणि रसायनशास्त्रात यावर उतारा नाही. मग तीच म्हणाली, "त्या बशीतल्या पेशी तुमी आणता कुठून? विकत भेटतेत का?"

"हो, मोठ्या प्रयोगशाळांकडून मिळतात."

"पर पहिल्यांदा कुणाच्या तरी असतील ना."

"एका बाईच्या. परदेशातल्या. तिला तुमच्यासारखाच आजार होता. तिच्या अंगातून काढल्या, बशीत वाढवल्या. त्या वाढतच गेल्या. आता जगभर आहेत."

"अन् बाई?"

"ती वारली. खूप वर्षं झाली."

गयाबाईचे हात थांबले. "म्हंजे बाई गेली अन् तिचा रोग जित्ता हाय?"

मी त्या पेशी दहा वर्षं वापरत होते. त्यांना खाऊपिऊ घालत होते, उबेत ठेवत होते, रविवारी त्यांच्याकडे कोण बघणार याच्या पाळ्या लावत होते. या भाषेत मी त्यांच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. "हो," मी म्हणाले. "जिवंत आहे."

मारोतराव बाजेच्या कडेवर बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "पेशीचं तसंच ऱ्हातंय. बांधाच्या भांडणात माझ्या बापानं केस टाकली. बाप गेला. ज्याच्यावर टाकली तो बी गेला. पेशी चालूच हाय. माणसापरीस पेशीचं आयुष्य मोठं."

गयाबाई पुडी सुपात टाकून उभी राहिली. "तसं न्हाई चालायचं," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही. मला वाटतं, गाठीला. "मी जायाचं अन् हिनं मागं ऱ्हायाचं, काहून? उद्या गाडी कितीला हाय?"

सोमवारी सकाळी आम्ही तिघं एकाच डब्यात होतो. त्यांना पूर्णेहून नांदेडला जायचं होतं, मला उलट्या बाजूला मुंबईला. मारोतरावांनी डबा, घोंगडी, पाण्याचा तांब्या आणि घरच्या तुरीच्या डाळीची पिशवी आणली होती. पिशवी दवाखान्यातल्या डॉक्टरांसाठी. डॉक्टर डाळ घेणार नाहीत असं मी म्हटलं. "मंग तुमी घ्या," ते म्हणाले. मी घेतली.

गयाबाई वाटभर खिडकीतून बघत होती. हा कुणाचा कापूस, यंदा कसा आलाय, एवढंच बोलली. पूर्णेला उतरल्यावर तिने माझा हात धरला.

"एक सांगा त्या डाक्टरला. काढलेली गाठ जाळून टाका म्हणावं. बशीत घालू देऊ नका तिला."

मला हो म्हणता आलं असतं. पण मी दवाखान्यांना ओळखते. "गाठीचा एक तुकडा तपासायला ठेवावा लागतो," मी म्हणाले. "पुढचं औषध त्यावरून ठरतं. तो मेणात बसवून ठेवतात."

"मेणात?"

"हो. पण त्याआधी औषधात घालून मारतात त्याला. तो वाढत नाही. तो जिवंत नसतो."

"बराबर ठाव हाय तुमाला?"

"बराबर ठाऊक आहे. ते माझ्या कामातलंच आहे."

तिने माझा हात सोडला, पदर डोक्यावर घेतला आणि जिन्याकडे निघाली. मारोतराव घोंगडी सावरत मागे. पुलावर दोघं दिसेनाशी झाली, आणि मला भीती वाटली. मी पाठवलं म्हणून ती चालली होती. टेबलावर काही कमीजास्त झालं, तर माझ्याजवळ सांगायला पुन्हा बशी आणि फिनाइलच होतं. मुंबईची गाडी आल्यावर मी चढले आणि बराच वेळ बरणी मांडीवर घेऊन बसले. समोरच्या प्रवाशाने विचारलं, लोणचं का? मी हो म्हटलं.

मुंबईत उतरून थेट प्रयोगशाळेत गेले. उबदार कपाटातून बशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पेशी होत्या तशाच होत्या, टवटवीत, एकमेकींना खेटून. मी नसताना सहकाऱ्याने त्यांची बडदास्त चोख ठेवली होती. त्या दिवशी मला त्यांच्यावर अर्क टाकवला नाही. दुसऱ्या दिवशी टाकला. काम ते काम.

पंधरा दिवसांनी रत्नागिरीला घुगे सरांचा फोन आला. आधी त्यांनी व्याख्यानाची बातमी आल्याचं सांगितलं. या खेपेला ती आखडलेली नव्हती, पण स्पंजाऐवजी "स्पॉन्सर" छापलं होतं. मग गयाबाईचं. शस्त्रक्रिया झाली होती. छाती काढावी लागली. तीन दिवस ती कुणाशी बोलली नाही. औषधं पुढे बरेच दिवस घ्यायची आहेत, नांदेडला हेलपाटे आहेत, आणि पुढचं आज कुणी सांगू शकत नाही. पण घरी आली आहे आणि काल तुरीच्या ढिगाशी बसून सुनेला ओरडत होती.

"तुम्हाला निरोप दिलाय," सर म्हणाले. "मला नीट कळला नाही, जसा दिला तसा सांगतो. म्हणाली, म्याडमला सांगा, ती मेणात हाय, मी अंगणात हाय."

मी फोन ठेवला. नवऱ्याने विचारलं, काय झालं, रडतेस कशाला? मी म्हटलं, आज तुरीचं वरण कर, डाळ हिंगोलीची आहे.